अविश्वासाची कलमे

नोव्हेंबर १९७७च्या मध्यावर इस्रायलचे लष्करप्रमुख मोर्देखाय गुर यांनी ‘येदिओत अहरोनोत’ या दैनिकाला मुलाखत दिली आणि आपल्याच सरकारची पंचाईत करून ठेवली. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात जेरुसलेमला येणार अशी हवा तेव्हा तापली होती. अशा वेळी गुर म्हणाले, की या सगळ्यामागे १९७३सारखाच डाव असू शकतो, इजिप्तचे सैन्य युद्धाची तयारी करते आहे. संरक्षणमंत्री एझर वाइझमन यांनी त्यांची कानउघाडणी केली. चारच दिवसांनी, शनिवारी १९ नोव्हेंबरला, शब्बाथ संपल्यावर सादात यांचे विमान बेन गुरियन विमानतळावर उतरले. स्वागताच्या रांगेत गुर यांच्यापुढे येताच, ही काही हूल नव्हती, अशी कोपरखळी सादात यांनी मारल्याचे सांगतात. त्याच रांगेत आरिएल शेरॉनही होते. चार वर्षांपूर्वी सुएझ ओलांडून इजिप्तच्या मुलखात घुसलेले हेच ते सेनानी. पुन्हा कालवा ओलांडलात तर अटक करीन, असे पाहुण्यांनी त्यांना हसत बजावले. आपण आता कृषिमंत्री आहोत, असे शेरॉन यांचे उत्तर.

गुर यांना हसणे सोपे आहे. पण ते घाबरट नव्हते आणि बेजबाबदारही नव्हते. १९६७ साली जेरुसलेमचे जुने शहर जिंकणाऱ्या छत्रीधारी ब्रिगेडचे नेतृत्व त्यांनीच केले होते. ऑक्टोबर १९७३मध्ये त्यांच्या देशाच्या गुप्तहेर खात्याने युद्धाची शक्यता कमी आहे असा निर्वाळा दिला होता, आणि योम किप्पूरच्या दिवशी दुपारी इजिप्तच्या फौजा कालवा ओलांडून आल्या. त्या युद्धात इस्रायलचे सुमारे २,६०० सैनिक मारले गेले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसे गुर वागले. त्यांचा अंदाज चुकला. अविश्वास मात्र चुकीचा ठरला नाही, कारण पुढे जो तह झाला त्याचे प्रत्येक कलम त्याच अविश्वासातून लिहिलेले होते. आणि म्हणूनच तो टिकला.

वैरी राजवटीशी करार करावा की नाही, यावर जगभरच्या अग्रलेखांत दोन ठरलेली मते असतात. पहिले मत म्हणजे, त्यांना फक्त बळाची भाषा कळते. दुसरे, बोलल्याशिवाय तिढा सुटत नाही. इजिप्त-इस्रायलच्या कहाणीत दोन्ही पक्षांना हवा तेवढा पुरावा सापडतो, ही या कहाणीची गंमत आहे आणि अडचणही.

नासर यांच्या मृत्यूनंतर १९७०मध्ये सादात सत्तेवर आले तेव्हा बहुतेकांना ते फार टिकतील असे वाटले नव्हते. फेब्रुवारी १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत गुनार यारिंग यांच्या पत्राला उत्तर देताना त्यांनी लिहून दिले, की इस्रायलने १९६७मध्ये घेतलेला मुलूख सोडला तर इजिप्त शांतता करार करायला तयार आहे. कोण्या अरब राष्ट्राने इस्रायलशी ‘शांतता करार’ करण्याची उघड तयारी दाखवणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. गोल्डा मेयर यांच्या सरकारने १९६७पूर्वीच्या सीमेवर परतायला नकार दिला. सिनाईच्या दक्षिण टोकावरच्या शर्म अल-शेखविना शांतता मिळण्यापेक्षा शांततेविना शर्म अल-शेख बरे, अशा अर्थाचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांचे विधान तेव्हा गाजले. इस्रायली जनमतही त्यांच्याच बाजूने होते. सिनाईचे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटरचे वाळवंट हातात, मधे कालव्याचे पाणी, पलीकडे हरलेला शत्रू. मग घाई कसली?

घाई इजिप्तला होती. सुएझ कालवा जून १९६७पासून बंद पडला होता. तो थेट ५ जून १९७५ला उघडला. ही आठ वर्षे मुंबईहून युरोपला जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती, आणि इजिप्तच्या तिजोरीत कालव्याच्या जकातीचा एक पैसा येत नव्हता. सादात यांनी १९७२मध्ये हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवले. यालाही जाणकारांनी वेडेपणा म्हटले, कारण शस्त्रे तर तिथूनच येत होती. वर्षभराने त्यांनी युद्ध पुकारले. इजिप्तच्या अभियंत्यांनी पाण्याचे जबरदस्त फवारे मारून कालव्याकाठचे इस्रायलचे वाळूचे तट फोडले आणि फौज पलीकडे गेली. युद्धाच्या शेवटी पारडे फिरले. शेरॉन कालव्याच्या पश्चिमेला पोचले, इजिप्तची तिसरी सेना वेढली गेली. तरीही कैरोत हा विजयच मानला गेला आणि आजही मानला जातो.

बळाची भाषा मानणारे इथे म्हणतात, की १९७३मध्ये फटका बसला नसता तर इस्रायल वाटाघाटीला बसलाच नसता. बोलण्याचा आग्रह धरणारे उत्तर देतात, की १९७१चे पत्र गंभीरपणे घेतले असते तर हजारो माणसे वाचली असती आणि शेवटी हाती आले ते जवळपास तेच. दुसरा मुद्दा अधिक जड आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत. पण त्यालाही मर्यादा आहे. १९७१चे सादात हरलेल्या देशाचे प्रमुख होते. त्यांनी तेव्हा करार करून आणला असता तर इजिप्तच्या सैन्याने तो पचवला असता का? अपमान धुतल्याशिवाय तडजोड करता येत नाही, हे त्यांना कळत होते. जानेवारी १९७४मध्ये आस्वानला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी इजिप्तचे सेनानी अब्देल गनी अल-गमासी यांना सांगितले, की कालव्याच्या पूर्वेला तुम्हाला फक्त ३० रणगाडे ठेवता येतील. रक्त सांडून शेकडो रणगाडे पलीकडे नेलेले गमासी खिडकीकडे वळले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सादात यांनी तो आकडा मान्य करून टाकला होता.

हा ३०चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढची सगळी शांतता अशाच मोजमापांतून घडत गेली.

जानेवारी १९७७मध्ये इजिप्त सरकारने भाकरी, तेल, साखर अशा वस्तूंवरचे अनुदान कमी केले आणि अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत दंगली उसळल्या. सत्तरहून अधिक माणसे मेली, रस्त्यावर सैन्य उतरवावे लागले, अनुदान परत द्यावे लागले. मे महिन्यात इस्रायलमध्येही उलथापालथ झाली. देशाच्या जन्मापासून सत्तेत असलेला मजूर पक्ष हरला आणि मेनाखेम बेगिन पंतप्रधान झाले. ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात इर्गुन या भूमिगत संघटनेचे ते म्होरके होते. १९४६मध्ये जेरुसलेमचे किंग डेव्हिड हॉटेल उडवून ९१ जणांचा जीव घेणारी ती हीच संघटना. वेस्ट बँक हा आपला वडिलोपार्जित मुलूख आहे, असे ते जाहीरपणे म्हणत. अरब राजधान्यांत निष्कर्ष निघाला, की आता शांततेचा विषय संपला.

सादात यांनी उलटा विचार केला. त्यांनी रुमानियाचे चाउशेस्कू यांना विचारले, की हा माणूस करार करू शकतो का, आणि केलेला पाळू शकतो का? चाउशेस्कू नुकतेच बेगिन यांना भेटले होते. त्यांनी दोन्हींचे उत्तर होकारार्थी दिले. दरम्यान मोशे दायान, आता बेगिन यांचे परराष्ट्रमंत्री, वेषांतर करून देशोदेशी हिंडत होते. डाव्या डोळ्यावरची ती जगप्रसिद्ध काळी पट्टी असलेल्या माणसाने वेषांतर करणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. सप्टेंबरमध्ये मोरोक्कोच्या राजाने त्यांची सादात यांचे विश्वासू हसन तुहामी यांच्याशी गुप्त भेट घडवली.

त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, दायान असेच लपूनछपून भारतातही येऊन गेले होते. पंतप्रधान मोरारजी देसाई आणि परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. भारताने इस्रायलला मान्यता दिली होती, पण दूतावास नव्हता. मुंबईत तेवढे एक वाणिज्य दूतावासाचे कार्यालय होते. व्याप्त प्रदेशातून माघार आणि पॅलेस्टिनींचा प्रश्न सुटल्याशिवाय पूर्ण संबंध जमणार नाहीत, असे मोरारजींनी स्पष्ट सांगितले. दायान हात हलवत परतले. पूर्ण संबंधांसाठी जानेवारी १९९२ उजाडावे लागले. भारताच्या या सावध धोरणात अरब देशांशी असलेले तेल-व्यापाराचे नाते होते आणि पॅलेस्टाइनविषयीची जुनी बांधिलकीही. मात्र कोकणातून गेलेली हजारो बेने इस्रायली कुटुंबे तोवर बीरशेबा, दिमोना अशा नेगेव्हमधल्या गावांत राहत होती आणि त्यांची मराठी बोलणाऱ्या घरांतली मुले सक्तीच्या लष्करी सेवेत होती. सिनाईत काय होते, हा त्यांच्या घरचा प्रश्न होता.

९ नोव्हेंबरला कैरोच्या संसदेत सादात म्हणाले, की माझा एक सैनिक जखमी होण्यापासून वाचणार असेल तर मी जगाच्या टोकापर्यंत जाईन, अगदी इस्रायलींच्या संसदेतही. सभागृहात पॅलेस्टिनी नेते यासर अराफत बसले होते. टाळ्या पडल्या. बहुतेकांना ही भाषणातली लकब वाटली. बेगिन यांनी निमंत्रण पाठवले आणि लकबीचे वेळापत्रक झाले. सादात दमास्कसला जाऊन सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल-असद यांना भेटले. असद बधले नाहीत. परराष्ट्रमंत्री इस्माइल फहमी यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी ज्यांना विचारले ते मोहम्मद रियाद यांनीही काही तासांत राजीनामा दिला. शेवटी बुत्रोस बुत्रोस-घाली यांना कार्यवाहक परराष्ट्रमंत्री म्हणून विमानात बसवण्यात आले. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले तेच हे घाली.

२० नोव्हेंबरला क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, सादात यांनी जे भाषण केले त्यात मवाळ असे काहीच नव्हते. व्याप्त प्रदेश पूर्ण सोडा, पॅलेस्टिनींना त्यांचे राज्य द्या, आणि त्या बदल्यात सुरक्षेची हमी घ्या. मागण्या जुन्याच होत्या. नवीन होती ती जागा. शत्रूच्या संसदेत उभे राहून बोलण्याने शत्रूला मान्यता मिळाली, आणि ही मान्यताच इस्रायलला ३० वर्षे हवी होती. टीकाकारांनी नेमके हेच धरले: सर्वांत मोठा हुकमाचा पत्ता त्यांनी खेळ सुरू होण्याआधीच फेकला. डिसेंबरमध्ये लिबिया, सीरिया, अल्जीरिया, दक्षिण येमेन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना त्रिपोलीत जमले आणि सादात यांच्याविरुद्ध आघाडी उभी राहिली. फेब्रुवारी १९७८मध्ये ‘अल-अहराम’चे संपादक, कादंबरीकार यूसुफ अल-सिबाई यांना निकोसियात दोघा बंदूकधाऱ्यांनी गोळ्या घातल्या. ते सादात यांच्यासोबत जेरुसलेमला गेले होते, एवढा गुन्हा पुरेसा होता. इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ यांनी शांततेची बाजू घेतली, तर अनेक अरब देशांत त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली.

इस्रायलमध्ये वारे वेगळ्या दिशेने वाहू लागले. सादात यांना डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांना आता सरकारच कूर्मगतीने चालले आहे असे वाटू लागले. मार्च १९७८मध्ये राखीव दलातल्या ३४८ अधिकारी व सैनिकांनी बेगिन यांना पत्र लिहिले: व्याप्त प्रदेशातल्या वसाहतींपेक्षा शांतता महत्त्वाची. त्यातून ‘शालोम अख्शाव’, म्हणजे ‘आत्ताच शांतता’, ही चळवळ निघाली. सह्या करणारे युद्धात लढलेले होते. त्यांना भेकड म्हणायची सोय नव्हती.

वाटाघाटी मात्र अडल्या होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोघांना मेरीलँडच्या डोंगरातल्या कॅम्प डेव्हिडला बोलावले. ५ सप्टेंबर १९७८ला सुरू झालेली ही बैठक तीनेक दिवसांत आटपेल असा कार्टर यांचा हिशेब होता. ती तेरा दिवस चालली. पत्रकारांना आत प्रवेश नव्हता. ही अट ज्याने घातली त्याला घरच्या जनमताची ताकद कळत होती: रोज सकाळी आपल्या वृत्तपत्रात ‘आज काय गमावले’ हे वाचावे लागले असते तर दोन्ही शिष्टमंडळे चौथ्या दिवशी विमानतळावर असती.

सुरुवातीला सादात यांनी एक अतिशय कडक प्रस्ताव वाचून दाखवला. बेगिन संतापले. त्यांना हे माहीत नव्हते, की सादात यांनी कार्टर यांच्या हाती आधीच एक वेगळा कागद ठेवला होता: कुठे कुठे आपण माघार घेऊ शकू याची यादी. म्हणजे भाषण घरच्यांसाठी आणि यादी करारासाठी. तिसऱ्या दिवसापर्यंत दोघांची अशी जुंपली, की कार्टर यांनी त्यांना पुन्हा वाटाघाटीसाठी समोरासमोर बसवलेच नाही. दोघांच्या कुटीत पायी शंभरेक पावलांचेच अंतर होते, पण निरोप अमेरिकनांमार्फत जात. मधल्या रविवारी सगळ्यांना गेटिसबर्गचे रणांगण दाखवायला नेले. बेगिन संध्याकाळी अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांच्याशी बुद्धिबळ खेळत.

पुढची पद्धत कंटाळवाणी होती आणि तीच कामी आली. दोन्ही बाजूंनी आपापला मसुदा आणायचा, मग दुसऱ्याचा मसुदा म्हणजे शरणागती असे म्हणायचे, ही रीत बाजूला ठेवली. अमेरिकेने एकच मसुदा लिहिला. तो कुणाचाच नव्हता, त्यामुळे त्यावर टीका केल्याने कुणाचा पराभव होत नव्हता. दोघांनी खोडायचे, अमेरिकेने दुरुस्त करायचे, पुन्हा दाखवायचे. असे २३ मसुदे झाले. इस्रायलचे महाधिवक्ता अहारोन बराक आणि इजिप्तचे ओसामा अल-बाझ हे दोघे कायदेपंडित कार्टर यांच्यासोबत तासन्‌तास एकेका वाक्यावर बसले. दोघेही आपल्या नेत्यापेक्षा स्वभावाने वेगळे होते: बराक बेगिनपेक्षा लवचिक, बाझ सादातपेक्षा कडक. कार्टर यांनी हे हेरले होते. इजिप्तच्या बाबतीत ते नेत्याकडे जात, इस्रायलच्या बाबतीत सल्लागारांकडे.

अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधायला सांगितले. कार्टर त्यांच्या कुटीत गेले आणि, तुम्ही गेलात तर आपली मैत्री आणि अमेरिकेशी असलेले नाते दोन्ही संपेल, असे सुनावले. सादात थांबले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन उठायला निघाले, तेव्हा कार्टर यांनी त्यांच्या आठ नातवंडांची नावे घालून सह्या केलेली छायाचित्रे त्यांना नेऊन दिली. नावे वाचताना बेगिन यांचा आवाज भरून आला आणि ते थांबले, असे सांगितले जाते. गोष्ट खरी आहे, पण ती सांगताना एक तपशील वगळला जातो: त्या पत्राचा मजकूरही दरम्यान सौम्य करण्यात आला होता. भावना उपयोगी पडल्या. शब्द बदलले नसते तर त्यांचा उपयोग झाला नसता.

छायाचित्रांइतकाच महत्त्वाचा होता एक फोन. सिनाईतल्या यामित आणि आसपासच्या वसाहती हटवायच्या की नाही, यावर घोडे अडले होते. एक वसाहत हलवण्यापूर्वी आपला हात गळून पडेल, अशी बेगिन यांची भाषा. शिष्टमंडळातले जनरल अव्राहम तामिर यांनी शेरॉन यांना गाठले आणि शेरॉन यांनी बेगिन यांना फोनवर सांगितले, की वसाहती हटवायला लष्करी दृष्टीने आपली हरकत नाही. वसाहतींचा सर्वांत मोठा पाठीराखाच असे म्हणाला. तरीही बेगिन यांनी निर्णय आपल्या अंगावर न घेता क्नेसेटवर सोपवला. राजकारणात याला पळवाट म्हणतात, पण इथे ती पळवाट चांगली निघाली: निर्णयाचे ओझे सर्व पक्षांच्या खांद्यावर गेले. क्नेसेटने ८४ विरुद्ध १९ मतांनी मंजुरी दिली, १७ जण तटस्थ राहिले. बेगिन यांच्या आघाडीतलेच बरेच जण विरोधात किंवा तटस्थ होते; विरोधी मजूर पक्षाची मते नसती तर चित्र वेगळे दिसले असते. बेगिन यांच्याच पक्षातल्या गेउला कोहेन पुढे पक्ष सोडून गेल्या आणि त्यांनी ‘तेहिया’ काढला.

इजिप्तमध्ये संसदेची अडचण नव्हती, परराष्ट्रमंत्र्यांची होती. फहमी गेले, रियाद गेले, आणि आता कॅम्प डेव्हिडमध्येच मोहम्मद इब्राहिम कामेल यांनी स्वाक्षरीच्या आधी राजीनामा दिला. समारंभात गोंधळ नको म्हणून ते काही बोलले नाहीत, पण समारंभाला गेलेही नाहीत.

कामेल यांचा आक्षेप काय होता? कॅम्प डेव्हिडमधून दोन दस्तऐवज निघाले. एक इजिप्त-इस्रायल तहाचा आराखडा. दुसरा वेस्ट बँक आणि गाझाला पाच वर्षांच्या संक्रमणकाळासाठी स्वायत्तता देण्याचा. पहिल्यात तारखा आणि अंतरे होती. दुसऱ्यात चर्चा सुरू करण्याची वचने. दोन्ही एकमेकांत अडकवलेले नव्हते, म्हणजे दुसरा फसला तरी पहिला चालूच राहणार. वसाहतींची बांधणी चर्चा संपेपर्यंत थांबेल असे कार्टर यांना वाटत होते. बेगिन यांनी तीन महिन्यांचे पत्र पाठवले. कामेल यांनी ओळखले, की इजिप्तला सिनाई मिळेल आणि पॅलेस्टिनींना कागद.

पहिला दस्तऐवज २६ मार्च १९७९ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर तह झाला. त्याची परिशिष्टे वाचनीय नाहीत, पण तह तिथेच आहे. सिनाईचे उभे पट्टे पाडले आहेत. कालव्यालगतच्या ‘अ’ पट्ट्यात इजिप्तने एक यांत्रिक पायदळ डिव्हिजन ठेवावी, जास्तीत जास्त २२ हजार माणसे आणि २३० रणगाडे. मधल्या ‘ब’ पट्ट्यात हलक्या शस्त्रांच्या चार सीमा-पलटणी, ४ हजार माणसांपर्यंत. इस्रायलच्या सीमेलगतच्या ‘क’ पट्ट्यात फक्त नागरी पोलीस आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक. सीमेच्या पलीकडे, इस्रायलच्या हद्दीत, ‘ड’ नावाचा एक अरुंद पट्टा. तिथे इस्रायलने चार पायदळ पलटणी ठेवाव्यात, रणगाडा एकही नाही. आस्वानच्या ३० रणगाड्यांचे गणित आता अख्ख्या द्वीपकल्पावर पसरले होते.

परिशिष्टातली सर्वांत शहाणी अट मात्र भूतकाळातून आली होती. १९५६च्या युद्धानंतर सिनाई आणि गाझात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती. मे १९६७मध्ये नासर यांनी तिला निघून जायला सांगितले. तिचे प्रमुख होते भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी. सेना हटवली गेली आणि तीन आठवड्यांत युद्ध पेटले. परतीची वाट पाहत गाझात असलेले भारतीय जवानही त्यात मारले गेले. ज्याच्या जमिनीवर पहारा आहे त्याच्याच शब्दावर पहारेकरी जात असेल तर तो पहारा कशाचा? म्हणून १९७९च्या तहात लिहिले, की आंतरराष्ट्रीय दल काढून घेण्याची मागणी कुणीही पक्ष करणार नाही, आणि सुरक्षा परिषदेतल्या पाचही कायम सदस्यांच्या होकाराशिवाय ते हटणार नाही. सोव्हिएत विरोधामुळे संयुक्त राष्ट्रांचे दल मिळेना, तेव्हा परिषदेबाहेरच एक बहुराष्ट्रीय दल उभे केले गेले. मुख्यालय रोममध्ये. एप्रिल १९८२पासून ते सिनाईत आहे आणि त्यात फिजी आणि कोलंबियापर्यंतचे सैनिक पहारा देत आले आहेत.

उरलेला अविश्वास अमेरिकेने पैशांनी भरून काढला. इस्रायलला सिनाईतले विमानतळ सोडावे लागले म्हणून नेगेव्हमध्ये नवे तळ बांधायला मदत. तेलविहिरी सोडाव्या लागल्या म्हणून १५ वर्षांच्या तेलपुरवठ्याची हमी. तहासोबतचे एकूण पॅकेज सुमारे ४.८ अब्ज डॉलरचे होते. पुढे इजिप्तला मिळणारी लष्करी मदत वर्षाला १.३ अब्ज डॉलरवर स्थिरावली. याला काही जण शांततेची किंमत म्हणतात, काही लाच. हिशेब मांडायचाच तर १९७३च्या युद्धाचा खर्च बाजूला ठेवून मांडता येत नाही.

अरब लीगने इजिप्तचे सदस्यत्व स्थगित केले, लीगचे मुख्यालय कैरोहून ट्युनिसला गेले. त्याच वर्षी हवानाच्या अलिप्ततावादी परिषदेतही इजिप्तला हाकलावे असा जोर लावण्यात आला. निर्णय पुढे ढकलण्यात आला. ६ ऑक्टोबर १९८१ला, १९७३च्या विजयाच्या संचलनात, लेफ्टनंट खालिद इस्लांबुली आणि त्याच्या साथीदारांनी सादात यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांच्या रागाला केवळ इस्रायल हे कारण नव्हते. महिनाभर आधीच सादात यांनी सर्व रंगांच्या शेकडो विरोधकांना तुरुंगात टाकले होते. बाहेर शांतता करणारा नेता घरात अधिकाधिक हुकूमशहा होत गेला, ही या कहाणीची बाजू पाश्चात्य श्रद्धांजलींत फारशी आली नाही. अंत्ययात्रेला अमेरिकेचे तीन माजी अध्यक्ष होते, बेगिन होते. अरब राष्ट्रप्रमुख जवळपास नव्हतेच. सुदानचे निमेरी आले. रस्त्यावर सामान्य इजिप्शियन माणूसही फारसा दिसला नाही.

तह उरला. २५ एप्रिल १९८२ला इस्रायलने सिनाईचा शेवटचा भाग सोडला. यामितमध्ये छपरांवर चढून बसलेल्या लोकांना सैनिकांनी खाली ओढले आणि गाव बुलडोझरने जमीनदोस्त केले. संरक्षणमंत्री होते शेरॉन. सहा आठवड्यांनी, ६ जूनला, त्याच शेरॉन यांच्या आराखड्यानुसार इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये घुसले आणि पुढे बैरूतपर्यंत गेले. दक्षिणेची आघाडी शांत असल्यामुळे ते शक्य झाले. कामेल, असद आणि बाकीचे टीकाकार जे म्हणत होते, की इजिप्त बाजूला झाला की बाकीचे अरब उघडे पडतील, ते इतक्या लवकर आणि इतके तंतोतंत खरे ठरले. ज्यांना हा तह शंभर टक्के यशस्वी वाटतो त्यांनी बैरूतचा तो उन्हाळा लक्षात घ्यावा. आणि ज्यांना तो विश्वासघात वाटतो त्यांनी हेही पाहावे, की १९४८ ते १९७३ या २५ वर्षांत चार मोठी युद्धे लढलेल्या या दोन देशांत त्यानंतर एकही युद्ध झालेले नाही.

मैत्री कधीच झाली नाही. बैरूतमधल्या साब्रा-शातिला हत्याकांडानंतर कैरोने राजदूत परत बोलावला तो १९८६पर्यंत नवा पाठवला नाही. होस्नी मुबारक यांनी तीस वर्षांच्या कारकिर्दीत इस्रायलमध्ये एकदाच पाऊल ठेवले, १९९५मध्ये, इस्रायलचे पंतप्रधान रबिन यांच्या अंत्यविधीला. नाटककार अली सालेम १९९४मध्ये मोटार घेऊन इस्रायल फिरून आले आणि त्यावर पुस्तक लिहिले. लेखक संघटनेने पुढे त्यांना काढून टाकले. तरीही २०११नंतर सिनाईत जिहादी टोळ्यांनी डोके वर काढले, तेव्हा परिशिष्टातल्या मर्यादेपेक्षा जास्त फौज आणि रणगाडे ‘क’ पट्ट्यात आणायला इजिप्तला इस्रायलने संमती दिली. ज्या कलमांचा जन्म संशयातून झाला, ती आता दोघांच्या सोयीने वाकवली जात होती.

सिनाई परत मिळाला तरी एक तुकडा राहिला होता. अकाबाच्या आखाताच्या टोकाला तबा नावाचा किनारा, जेमतेम एक चौरस किलोमीटर, त्यावर इस्रायलींनी बांधलेले एक पंचतारांकित हॉटेल. सीमेचा शेवटचा खांब नेमका कुठे होता, यावरून सात वर्षे भांडण चालले. जुने तुर्की-ब्रिटिश नकाशे, १९०६चे करारनामे, छायाचित्रे सगळे बाहेर निघाले. प्रकरण जिनिव्हाला लवादाकडे गेले. सप्टेंबर १९८८मध्ये निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि मार्च १९८९मध्ये इस्रायलने तबा सोडला. त्या वेळी इस्रायलचे पंतप्रधान होते यित्झाक शामिर, ज्यांनी १९७८मध्ये कॅम्प डेव्हिडच्या मतदानात तटस्थ राहणे पसंत केले होते. परराष्ट्रमंत्री होते मोशे अरेन्स, ज्यांनी विरोधात मत दिले होते.